भरून ठेवलेले कान

आमच्या धंद्यात शंभर टक्के हा संशयाचा आकडा आहे. माणसाने सकाळी आठला कानात मशीन घातली आणि संध्याकाळी सहाला फोनवर तिची बॅटरी शंभर टक्के दिसली, तर मशीन दिवसभर डब्यात होती असं समजावं. हे कळायला मला जेवढा वेळ लागायला हवा होता, त्यापेक्षा जास्त लागला.

भंडाऱ्यात कानाच्या मशिनी बसवण्याचं काम मी सोळा वर्षं करते आहे. दुकान शहरात आहे. गुरुवारी तुमसरला आणि शनिवारी साकोलीला एका दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत बसते. काम तीन टप्प्यांचं. कान तपासायचे, कोणते आवाज किती कमी ऐकू येतात ते कागदावर आणायचं आणि नेमके तेवढे आवाज वाढवणारी मशीन बसवायची. चौथा टप्पा कुठल्याही माहितीपत्रकात छापलेला नसतो. तो म्हणजे माणसाने ती मशीन घालणं.

पूर्वी बॅटरी शिल्लक आहे की नाही हे पाहायची एकच रीत होती. मशीन सुरू करून मुठीत धरायची आणि मूठ बंद करायची. बारीक शिट्टी वाजली तर सेल चांगला. अडचण एवढीच की ज्याची मशीन, त्याला ती शिट्टी ऐकू येत नसे. त्यामुळे घरातला दुसरा कुणी तरी मूठ कानाशी धरून निकाल सांगत असे. आता नव्या मशिनी ब्लूटूथने फोनला जोडता येतात. फोनवरचं ॲप उघडलं की दोन कान दिसतात, उजवा लाल, डावा निळा, आणि प्रत्येकाखाली बॅटरीचा आकडा. शिट्टी गेली, आकडा आला. आकडा वाचायला मात्र सगळ्यांनाच शिकावं लागलं. त्यात मीही आले.

सेलच्या मशिनी अजून पुष्कळ जण वापरतात. करडीचे एक काका सहा सेलचं पाकीट नेल्यावर पंधराव्या दिवशी परत आले.

"मॅडम, सहाच्या सहा सेल बसले. नकली दिले का जी?"

मी स्टिकरबद्दल विचारलं. या सेलवर एक रंगीत स्टिकर असतो. तो काढला की बारीक छिद्रांतून हवा आत जाते आणि सेल चालू होतो. मग तो मशीनमध्ये असो की खिशात, त्याचे दिवस मोजायला लागायचे. काकांनी पाकीट आणल्याच्या दिवशीच सहाही स्टिकर काढून ठेवले होते. टायमावर धावपळ नको म्हणून.

"म्हणजे सेल श्वास घेते?" त्यांनी विचारलं.

"असंच समजा."

"मंग पाकिटावर लिहाव ना, जिवंत आहे म्हणून!"

फोन आल्यावर चुकाही नव्या आल्या. सानगडीच्या एका निवृत्त गुरुजींचा मुलगा पुण्याला नोकरी करतो. सुट्टीत येऊन त्याने वडिलांना मशीन घेऊन दिली, ॲप स्वतःच्या फोनवर टाकलं आणि परत गेला. आठ दिवसांनी मला त्याचा फोन आला. मशीन खराब आहे, बाबांची बॅटरी दिसत नाही.

"फोन कुठे आहे?" मी विचारलं.

"हा काय, माझ्या हातात."

"आणि तुम्ही?"

"पुण्यात."

मशीन आणि फोन यांच्यात दहा-बारा पावलांपेक्षा जास्त अंतर चालत नाही, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मला वाटलं, बाबांची बॅटरी उतरली की मला कळेल." त्याला जे हवं होतं ते देणारी मशीन माझ्याकडे नव्हती. शेवटी ॲप गुरुजींच्याच फोनवर टाकलं. ते रोज रात्री जेवताना मुलाला आकडा कळवतात. मुलगा म्हणतो, त्या निमित्ताने रोज बोलणं होतं.

आता ज्यांच्यामुळे हे लिहायला घेतलं, त्या सायत्राबाई.

त्या नाकाडोंगरीच्या. वय सासष्ट. एका गुरुवारी, थंडीच्या दिवसांत, सून रेखासोबत तुमसरला आल्या. कान तपासण्यापूर्वी मी नेहमीचा प्रश्न विचारला: कुठे ऐकू येत नाही? टीव्हीवर, फोनवर, पाहुण्यांत? बहुतेक जण यातलं एक सांगतात. सायत्राबाई म्हणाल्या, "मले टीवी नाई पाहाचा. मले मोहाले जाचं आहे."

बाकी हकीकत रेखाने सांगितली. चैत्रात मोहाची फुलं गळायला लागली की गावातल्या बाया उजाडताना जंगलात जातात आणि टोपल्या भरून आणतात. सायत्राबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून जात. कोणतं झाड आधी गळतं, कोणत्या झाडाचं फूल गोड, हे त्यांना पाठ. अलीकडे त्या भागात वाघाचा वावर वाढला, म्हणून बाया गटाने जातात, एकमेकींना हाका मारत वेचतात. आदल्या वर्षी एकीला ओल्या मातीत वाघाच्या पंजाचा ठसा दिसला. सगळ्यांना हाका गेल्या, सगळ्या परतल्या. सायत्राबाई वाकून फुलं वेचतच राहिल्या. हाक त्यांना ऐकूच आली नव्हती. त्यांना आणायला दोघींना पुन्हा आत जावं लागलं.

झालं काहीच नाही. पण या वर्षी गटाने ठरवलं की सायत्राबाईंना न्यायचं नाही. गटाची म्होरकी म्हणजे शेजारच्या कौशल्याबाई. त्यांनी एक अट ठेवली होती: हाक मारल्याबरोबर ओ आली, तर नेऊ.

"सासऱ्यायनं मना केलं असतं त आईनं आयकलं नसतं," रेखा म्हणाली. "बायायनं मना केलं, म्हणून आईचं जेवण कमी झालं."

तपासणीत दोन्ही कान बरेच उतरलेले निघाले, पण मशीनने काम होईल असे होते. चार्जिंगच्या दोन मशिनी बसवल्या. या मशिनींना सेल लागत नाही. झोपताना छोट्या डब्यात ठेवायच्या, डब्याची वायर बोर्डात लावायची. सकाळपर्यंत शंभर टक्के, आणि दिवसभर पुरतात. ॲप रेखाच्या फोनवर टाकलं. जंगलात बॅटरी उतरली तर पंचाईत होईल, म्हणून मी त्या एका गोष्टीवर फार जोर दिला. "बॅटरीवर लक्ष ठेवा," मी सांगितलं. "चार्जिंग नेहमी भरून ठेवा."

आमच्यात नियम आहे की सूचना दिल्यावर ती समोरच्या माणसाकडून वदवून घ्यायची. मी वदवून घेतली.

"काय करायचं, आजी?"

"भरून ठेवाचं," सायत्राबाई म्हणाल्या.

बरोबर आहे, असं मी म्हटलं.

तीन आठवड्यांनी दोघी परत आल्या. खोलीबाहेर गर्दी होती. रेखाने आत येताच फोन पुढे केला. "पाहा मॅडम, दोन्ही शंभर. रोज शंभरच रायते." सकाळचे साडेअकरा झाले होते. नाकाडोंगरीहून निघून त्यांना किमान दोन तास झाले असणार. कानात दोन तास असलेली मशीन शंभर टक्के दाखवत नाही. हे मला माहीत होतं. मशीन संगणकाला जोडली की ती रोज सरासरी किती वेळ चालू होती हेही दिसतं. मी जोडली नाही. बाहेर रांग होती आणि आकडा चांगला दिसत होता. "छान," मी म्हटलं आणि त्यांना पाठवलं. दोन्ही मशिनी दवाखान्याच्या पायरीवर कानात घातलेल्या होत्या, हे मला नंतर कळलं.

शिमग्याच्या आसपास दुकानात एक फोन आला. बाईचा आवाज, ओळखीचा नव्हता.

"मॅडम, मी नाकाडोंगरीवरून कौशल्या बोलून राहिली. तुमची मशीन फेल आहे."

मोहाला अजून महिनाभर होता. बाया सरपणाला निघाल्या, तेव्हा कौशल्याबाईंनी सायत्राबाईंना सोबत घेतलं होतं, परीक्षा म्हणून. घरून निघताना फोनवर दोन्ही कान शंभर असल्याचं रेखाने दाखवलं होतं. अर्ध्या तासाने कौशल्याबाईंनी हाक मारली. एकदा, दोनदा, चारदा. ओ नाही. जाऊन दंड धरला तेव्हा सायत्राबाई दचकल्या. कान रिकामे होते. दोन्ही मशिनी पदराच्या गाठीत होत्या.

"मी तिले मनलं, काहून काढल्या वो? त मनते, आवाज लय होते." कौशल्याबाई पुढे म्हणाल्या, "आता माया जबाबदारीवर नाई नेत जी. तिले काई झालं त तिच्या सुनेले कोण तोंड दाखवन?"

त्या रविवारी मी नाकाडोंगरीला गेले. घर स्वच्छ, अंगण सारवलेलं. रेखाने चहा ठेवला. सायत्राबाई माझ्याकडे न बघता शेंगा सोलत बसल्या होत्या. कानात मशिनी नव्हत्या. मी विचारलं, डबा कुठे आहे? रेखा आतल्या खोलीत गेली. तिथे धान साठवायची बांबूची उंच ढोली होती. ढोलीच्या झाकणावर, पांढऱ्या धुतल्या कापडात गुंडाळलेला, डबा होता. वायर बोर्डात लावलेली. आत दोन्ही मशिनी. फोनवर शंभर आणि शंभर.

मी मशिनी संगणकाला जोडल्या. रोजचा सरासरी वापर अकरा मिनिटं.

मशिनी सायत्राबाईंच्या कानात घातल्या आणि विचारलं, "आजी, घरी का घालत नाही?"

"घरी कायले खर्च कराची?" त्या म्हणाल्या. "तुमीच त सांगतलं, भरून ठेवजो. म्या भरून ठेवलं. मोहाच्या टायमाले लागन ना."

"आमी त हातही नाई लावला जी," रेखा म्हणाली.

त्या घरात भरून ठेवलेल्या वस्तूला हात लावत नाहीत. ढोलीत बियाण्याचं धान भरून ठेवलं की ते पेरणीपर्यंत तसंच राहतं. माझं वाक्य त्यांनी अक्षरशः पाळलं होतं. चूक वाक्यात होती, आणि मी ती त्यांच्या तोंडून म्हणवूनही घेतली होती.

बाहेरच्या वाचकासाठी एक गोष्ट सांगायला हवी. चष्मा घातला की लगेच दिसतं. मशीन घातली की लगेच ऐकू येतं, पण लगेच समजत नाही. बरीच वर्षं शांततेत राहिलेल्या डोक्याला भांड्याचा, दाराचा, स्वतःच्या चपलेचा आवाज नव्याने ओळखावा लागतो. त्याला काही आठवडे जातात, आणि ते रोज दिवसभर मशीन घातली तरच. सायत्राबाईंनी पहिल्यांदा ती बराच वेळ घातली ती थेट सागाच्या वाळलेल्या पानांवर. "कोणी डोक्शावर पापड फोडून राहिलं असं वाटे," त्या म्हणाल्या. पाऊल टाकलं की आवाज. दुसरीने पाऊल टाकलं की आवाज. त्यात वाघ कोणता आणि कौशल्या कोणती, हे त्यांना कळेना. म्हणून काढल्या.

मी आवाज एक पायरी कमी केला आणि सूचना बदलली. सकाळी उठल्यावर शंभर असलं पाहिजे आणि रात्री झोपताना साठच्या खाली आलं पाहिजे. त्यापेक्षा जास्त उरलं, तर तो दिवस वाया. यावेळी रेखाकडूनही वदवून घेतलं.

पहिल्या रात्री आकडा अठ्ठ्याहत्तर होता. दुसऱ्या रात्री ब्याऐंशी. रेखाने मला फोन केला आणि तो तसाच सासूसमोर चालू ठेवला.

"आई, दुपारी काढल्या होत्या का तुमी?"

"झोपली होती."

"झोपून दोन तास होतात. हे त चार तासाचं दिसून राहिलं."

"त्या फोनले सांग, सासू मी आहे म्हणून!"

आठवड्याने आकडा पंचावन्नवर आला आणि मग तिथेच राहिला. या काळात सायत्राबाईंना घरातल्या बऱ्याच गोष्टी कळल्या. नातवाला सगळे कोणत्या नावाने हाक मारतात ते कळलं. त्या दोन वर्षं वेगळ्याच नावाने हाक मारत होत्या. छताचा पंखा आवाज करतो हे कळलं. रेखा मला म्हणाली, "मॅडम, आता भाजीत मीठ कमी आहे, हे मनातच मनाव लागते."

कौशल्याबाई मात्र तयार नव्हत्या. त्यांचा प्रश्न सरळ होता आणि तो मी आधीच विचारात घ्यायला हवा होता. रेखा जंगलात येणार नव्हती. तिथे बॅटरी किती आहे हे कोण पाहणार?

पुढच्या गुरुवारी कौशल्याबाई सायत्राबाईंना घेऊन तुमसरला आल्या. मी ॲप कौशल्याबाईंच्या फोनवर टाकलं. त्यांना अक्षरओळख नाही, आकडे येतात. तेवढं पुरेसं होतं. त्यांनी स्क्रीनकडे बराच वेळ पाहिलं.

"पण आमच्या जंगलात टॉवर नाई जी. आकडा कसा दिसन?"

टॉवरची गरज नाही, मी सांगितलं. फोन आणि मशीन एकमेकांशी थेट जोडलेले असतात.

"म्हणजे ह्यायचं आपसातलं बोलणं आहे. टॉवरले मधात नाई घेत."

"बरोबर."

"अन् हे दूर गेली त?"

मी सायत्राबाईंना रस्त्याच्या टोकापर्यंत चालत जायला सांगितलं. दहा-बारा पावलांनंतर थोड्या वेळात दोन्ही आकडे फिके झाले. त्या परत आल्या तसे पुन्हा ठळक झाले. कौशल्याबाईंचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. हा उपयोग माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता.

"आकडा काळा, त बुढी जवळ," त्या म्हणाल्या. "आकडा फिका, त बुढी गेली फिराले. हे कामाचं आहे."

मी त्यांना स्पष्ट सांगितलं की हा फोन काही राखणदार नाही. झाडांच्या गर्दीत आकडा जवळ असूनही फिका होईल, आणि तेव्हा फोनकडे पाहत बसण्यापेक्षा हाक मारावी. त्यांनी मान डोलावली. हाक मारण्याबद्दल त्यांना माझ्याकडून शिकायची गरज नव्हती.

दुसरी परीक्षा गावाबाहेर, जंगलाच्या तोंडाशी झाली. त्या दिवशी मी हजर होते. सात-आठ बाया होत्या. सायत्राबाईंना तोंड जंगलाकडे करून उभं केलं आणि बाया मागे पांगल्या. कौशल्याबाईंनी साध्या आवाजात हाक मारली.

"सायत्राबाई!"

"ओ!"

दुसरीने आणखी लांबून मारली. ओ आली. तिसऱ्या वेळी कुणी हाक मारलीच नाही. मागच्या दोघी आपसात काहीतरी पुटपुटल्या. सायत्राबाई वळल्या.

"कोण मनलं वो, मशीन घालून सिनेमातली दिसते?"

दोघींपैकी एकीने पदर तोंडाला लावला. दोन वर्षं गटात या बाईसमोर कुणीही काहीही बोलत होतं. ती सोय संपली, हे त्या क्षणी सगळ्यांना समजलं असावं. कौशल्याबाईंनी निकाल दिला: नेऊ, पण मधात चालायचं. पुढेही नाही, मागेही नाही. सायत्राबाईंनी लगेच मान्य केलं. त्यानंतर त्या घरी जाऊन दोन भाकरी जेवल्या, असं रेखाने कळवलं.

मोह ऐन भरात असताना एका गुरुवारी सायत्राबाई आणि कौशल्याबाई तुमसरला आल्या. डाव्या मशीनमधून आवाज नीट येत नव्हता. भिंगाखाली पाहिलं तर आवाज आत जायच्या छिद्रावर मोहाचा चिकट रस वाळला होता. फुलं वेचणाऱ्या हातांनीच सायत्राबाई मशीन सारखी करत होत्या. असा बिघाड कुठल्याच कंपनीच्या पुस्तकात नाही. साफ करायला अर्धा तास लागला. तेवढ्या वेळात कौशल्याबाईंनी आदल्या आठवड्याची गोष्ट सांगितली.

ऊन जरा वर आलं होतं. टोपल्या निम्म्या झाल्या होत्या. कुणाच्या तरी पाहुण्यांवरून गप्पा रंगल्या होत्या. फोनवर दोन्ही कान ब्याण्णव. अचानक सायत्राबाई सरळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चूप राहा."

"आमाले वाटलं, बॅटरी गेली का काय," कौशल्याबाई म्हणाल्या. "मंग आमालेही आयकू आलं. नाल्याच्या तिकडून चितळ ओरडून राहिलं होतं, वाघाचा वास आला का ओरडते तसं. एकदा, मंग पुना, मंग पुना. आमी टोपल्या उचलल्या अन् निंगालो. धावलो नाई. एकमेकीले धरून निंगालो."

नोंद पूर्ण असावी म्हणून सांगते. त्या दिवशी नाल्यापलीकडे वाघ होता की नाही, हे कुणालाच माहीत नाही. कुणी पाहिला नाही. मशीनमुळे सायत्राबाईंना इतर बायांपेक्षा जास्त ऐकू येतं, असंही नाही. तसं कुठल्याच मशीनने होत नाही. इतर बोलत होत्या आणि त्या ऐकत होत्या, एवढाच फरक होता. त्यांना ऐकण्याचं काम नव्याने मिळालं होतं आणि त्या ते मन लावून करत होत्या.

मी मशीन पुसून सायत्राबाईंच्या कानामागे बसवली.

"म्हणजे आजीला मध्ये चालवता ते बरंच आहे," मी कौशल्याबाईंना म्हटलं.

"मधात कुठं जी? आता सगळ्यायच्या समोर चालते. मधात ठेवली त आमचं सगळं बोलणं आयकते."

सायत्राबाई पिशवी उचलून दाराकडे निघाल्या होत्या. त्या वळल्यासुद्धा नाहीत.

"समोरूनही आयकू येते," त्या म्हणाल्या.